पिकअपचे मागचे पाटे बदलायचेत: उचलही हवी आणि वजनही पेलायला हवं

मातीवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. डबल कॅब पिकअप आहे, चारही चाकांना ड्राइव्ह असलेली, मागे पाटे (एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या, म्हणजे लीफ स्प्रिंग), पुढे कॉइल स्प्रिंग. पुढच्या स्प्रिंगा बदलून ४० मिमी उचल आधीच घेतली आहे. आता मागचं काम काढायचंय.

गाडी रोज कामावर असते. हौद्यावर कॅनॉपी आहे, उजव्या अंगाला अवजारांचं कपाट बोल्टने बसवलंय, आणि मागच्या दाराशी पाण्याची टाकी. हे सगळं कायमचं, कधी उतरत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस आणखी ३०० किलोपर्यंत माल असतो आणि शेवटचे काही किलोमीटर कच्चा रस्ता, मध्ये दोन ओढे.

गाडी मागून बसली आहे. माल भरला की खड्ड्यात स्टॉपरवर (अॅक्सल चॅसीवर आपटू नये म्हणून असलेल्या रबरावर) आदळते, तो धक्का पाठीच्या कण्यापर्यंत येतो. मला ५० मिमी उचल हवी आहे. डोक्यात चार पर्याय आहेत: एक जादा पाटा घालणं, लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चॅसीला टांगणारी कडी) लावणं, अॅक्सलवर ठोकळे बसवणं, किंवा पूर्ण नवा पाट्यांचा संच. कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

उंचवटा

लांब शॅकल लावा, तासाभराचं काम आहे. मी लावले होते. फक्त एक लक्षात ठेवा, शॅकल ५० मिमीने लांब केला तर गाडी ५० मिमी वर येत नाही, निम्मीच येते. पाट्याचं पुढचं टोक हँगरमध्ये (चॅसीवरच्या पक्क्या ब्रॅकेटमध्ये) जागच्या जागी असतं, मागचं टोक तेवढं खाली जातं आणि अॅक्सल दोन्हींच्या मध्ये असतो.

घणकाम

मातीवाट दादा, आधी दोन गोष्टी सांगा. कायमच्या सामानाचं वजन किती? अंदाज नको, काट्यावर घातलेलं. आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना किती आहे? जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा आणि टायरची झीज मापात येते.

उंचवटा भाऊंचं गणित बरोबर आहे, पण शॅकलने वजन पेलण्याची ताकद एक किलोनेही वाढत नाही. पाटा तोच, फक्त गाडी त्याच्यावर जरा उंच टांगली. शिवाय पाट्याचं मागचं टोक खाली गेलं की अख्खा अॅक्सल फिरतो, डिफरन्शियलचं तोंड वर जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या अॅक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो. यांची गाडी वजनाने बसते आहे. शॅकलने ते दुखणं झाकलं जाईल, जाणार नाही.

मातीवाट

काका, काल वजनकाट्यावर जाऊन आलो. पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा चढवून घेतला. कायमचं सामान मिळून २८० किलो निघालं. मी १५० धरून चाललो होतो.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत डावीकडे ४६८ मिमी, उजवीकडे ४५९. गाडी नवी असताना रिकामीचं माप वहीत लिहिलेलं सापडलं: दोन्ही बाजूंना ५१०. स्टॉपरपर्यंत ४० मिमी जागा उरली आहे, तीही मालाशिवाय. पाटे ५, प्रत्येकी ७ मिमी जाड, ६० मिमी रुंद, डोळ्यापासून (पाट्याच्या टोकाचं बोल्टसाठीचं वेटोळं) डोळ्यापर्यंत १२०० मिमी. खाली एक जाड सपाट हेल्पर पाटा आहे.

चाकोरी

ही मापं दिलीत त्यामुळे आता नेमकं बोलता येईल. थोडं गणित करतो, कंटाळू नका, कारण सगळा निर्णय यातच आहे.

पाट्याचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या आणि रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. तुमच्या मापांवरून एका बाजूचा कडकपणा साधारण ३३ न्यूटन प्रति मिमी येतो. म्हणजे एका बाजूवर ३३ किलो टाकले की पाटा सुमारे १ सेंटीमीटर बसतो. हेल्पर धरलेला नाही, तो वजन वाढल्यावरच टेकतो.

आता २८० किलोचे दोन भाग करा, एका बाजूला १४०. ते भागिले ३३ म्हणजे सुमारे ४२ मिमी. तुमची डावी बाजू ५१० वरून ४६८ वर आलेली आहे, बरोबर ४२. म्हणजे डावा पाटा अजून शाबूत आहे! तो थकलेला नाही, त्याच्यावर वजन तेवढं आहे. उजवीकडे आणखी ९ मिमी गेलेत, ते कपाटामुळे.

म्हणून तुमचा प्रश्न "५० मिमी उचल कशी घेऊ" असा नाहीच. "२८० किलो कायम वाहणाऱ्या गाडीला कोणता पाटा हवा" हा आहे. उचल त्याच्या मागोमाग येईल.

आता पर्याय बघा. ७ मिमीचा पूर्ण लांबीचा सहावा पाटा घातला तर कडकपणा २० टक्के वाढतो. पाचही पाटे ८ मिमीचे केले तर ४९ टक्के वाढतो. एक मिलिमीटरचा हा फरक पाट्याकडे नुसतं बघून कळत नाही.

ओलीमाती

मग सरळ सर्वांत कडक पाटे घ्यावेत ना? उद्या वजन वाढलं तरी काळजी नाही.

चाकोरी

नाही, ओलीमाती. ही चूक फार जण करतात. गाडीचं वरखाली झुलणं वजन आणि कडकपणा या दोन्हींच्या गुणोत्तरावर ठरतं. समजा रिकाम्या गाडीत मागच्या एका पाट्यावर ३५० किलो आहेत. मूळ पाट्यावर ती सेकंदाला साधारण दीड वेळा झुलेल. दीड हर्ट्झ. कायमचं १४० किलो चढवून पाटा ४९ टक्के कडक केला तर झुलणं येतं १.५९. म्हणजे जवळपास नव्या गाडीइतकंच. पण हाच कडक पाटा रिकाम्या गाडीला लावा, आकडा १.८८ वर जातो. मग गाडी प्रत्येक गचक्याला मागून उडते, कच्च्या रस्त्यावरच्या बारीक लाटांवर चाक जमीन सोडतं, आणि वळणात चाक जमिनीवर नसेल तर गाडी शेपूट बाहेर काढते. मऊ पाटा त्रास देतो हे बसल्या बसल्या कळतं. अति कडक पाटा ओल्या वळणावर कळतो.

म्हणूनच पाटे बनवणारे संच विकताना कायमच्या वजनाची पायरी सांगतात: रिकामी, कायम ३०० किलो, कायम ५०० किलो. त्यातला "कायम" हा शब्द नीट वाचा. महिन्यातून एकदा वाहून नेलेला माल त्यात धरायचा नसतो.

दूरची_वाट

मातीवाट दादा, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला खटकलं: पाण्याची टाकी मागच्या दाराशी. आधी ती हलवा, पाटे नंतर.

माझी गाडी लांबच्या प्रवासासाठी बांधलेली आहे, आणि हे मी फार उशिरा शिकले. अॅक्सलच्या मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं. अॅक्सलच्या मागे एक मीटरवर ८० किलो असतील आणि गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ३.१ मीटर असेल, तर मागच्या अॅक्सलवर ८० नाही, १०६ किलो पडतात, आणि पुढचा अॅक्सल २६ किलोने हलका होतो. तीच टाकी कॅबला चिकटवून, अॅक्सलच्या ४० सेंटीमीटर पुढे ठेवली तर मागे ७० किलोच येतात. एक किलोही न उतरवता मागचे ३६ किलो कमी, आणि स्टिअरिंगला पकड परत.

आणि एअरबॅगचं (पाट्यांना मदत म्हणून बसवायच्या हवेच्या फुग्याचं) कुणी सुचवायच्या आत सांगते. पाटा चॅसीला दोन ठिकाणी वजन देतो, पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला. अॅक्सल आणि चॅसीच्या मध्ये एअरबॅग घातली की वजनाचा मोठा वाटा त्या एकाच जागी चॅसीला खालून रेटतो, आणि मागे लटकलेलं सामान तिच्यावरून चॅसीला खाली वाकवतं. आमच्याबरोबरच्या एका गाडीची चॅसी कॅब आणि हौद्याच्या मधल्या फटीपाशी वाकलेली मी पाहिली आहे. वरच्या बाजूला फट रुंद, खालच्या बाजूला मिटलेली. आधी दरवाजा नीट लागेना म्हणून बिजागरी तपासत बसले होते सगळे. एअरबॅग वाईट नाही, पण मऊ पाट्यांवर जास्तीचं वजन पेलण्यासाठी ती नाही, थोडीशी पातळी सावरण्यासाठी आहे.

मातीवाट

ताई, टाकी हलवतो. कॅबच्या मागे जागा आहे, फक्त नळ लांब घ्यावा लागेल. मनापासून आभार, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

मग आता पर्याय दोन: जादा पाटा किंवा पूर्ण संच. आमच्या ओळखीच्या एकाने तिसरंच सुचवलं, आहेत तेच पाटे तापवून, ठोकून कमान भरून घ्यायची.

घणकाम

तापवून? नको दादा. हात जोडून सांगतो.

पाट्याचं पोलाद साधं नसतं. सिलिकॉन-मँगनीजचं नाहीतर क्रोम-व्हॅनेडियमचं असतं, भट्टीत लाल करून तेलात विझवलेलं, मग परत मोजून ताव दिलेला. त्या दुसऱ्या तावात त्याला लवचीकपणा येतो. गॅसच्या ज्योतीने एक जागा लाल केली की तेवढ्या पट्ट्यातला ताव निघून जातो. ती जागा एकतर मऊ पडते, नाहीतर हवेने पटकन निवून कडक ठिसूळ होते, आणि बाजूचा पाटा तसाच राहतो. मग वाकायचं सगळं काम त्या एका जागेवर येतं.

माझ्याकडे असा एक मेन पाटा (सर्वांत वरचा, डोळे असलेला) आलेला होता. दुसरीकडे तापवून कमान भरलेली, आठ महिन्यांत तुटला. तुटलेला काप हातात घेऊन बघितला: कडेला नखाएवढा भाग गुळगुळीत, काळपट, शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या असलेला. तिथे चीर आधीच पडली होती आणि रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. उरलेला काप करकरीत, राखाडी, दाणेदार. तो एका क्षणात गेला. आणि चीर सुरू कुठून झाली? जिथे ज्योतीचा निळा डाग होता तिथूनच. मेन पाटा तुटला म्हणजे अॅक्सल एका बाजूने मोकळा. गाडी हळू होती म्हणून माणसं वाचली.

थंड पाटा प्रेसवर थोडा थोडा दाबून कमान भरता येते, ते काम मी करतो. पण जुना पाटा परत बसतो, हे मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो. ज्याला भट्टी, तेल आणि ताव तिन्ही देता येतं त्याच्याकडेच पाटा तापवायला द्यायचा. वेल्डिंगचंही तेच. पाट्याला वेल्डिंगची ठिणगी चिकटली तरी मला चालत नाही.

उंचवटा

काका, जादा पाट्याबद्दलही सांगा ना. बरेच जण तोच घालतात.

घणकाम

जादा पाटा वाईट नाही, पण तो काय करतो ते समजून घाला. त्याची कमान बाकीच्यांपेक्षा जास्त असते. यू-बोल्ट (पाटे अॅक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) आवळले की तो सरळ व्हायला बघतो आणि बाकीच्यांना वर रेटतो, उचल मिळते ती त्यातून. पूर्ण लांबीचा असेल तर रेटा पसरतो. आखूड आणि जाड असेल तर त्याची दोन टोकं वरच्या पाट्यात दोनच जागी रुततात, आणि वरचा पाटा पुढे त्याच जागी तुटतो. मी बदललेले कित्येक पाटे बरोबर जादा पाट्याच्या टोकावर तुटलेले होते.

२० टक्के ताकद आणि थोडी उचल एवढीच गरज असती तर मी जादा पाटाच सांगितला असता. यांच्या २८० किलोला तो कमी आहे.

चाकोरी

ठोकळ्यांचं राहिलं. ठोकळा अॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये बसतो, पाट्याला हात न लावता उचल देतो. वजनासाठी शून्य उपयोग. आणि त्याने अॅक्सलला पाट्यावर पीळ द्यायला लांब हात मिळतो. जोरात गाडी काढली की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, सुटतो, परत वळतो, मागची चाकं थडथड उडतात. कारखान्यातून येणाऱ्या काही गाड्यांत मागे छोटा ठोकळा असतोच, तो ठीक आहे. ठोकळ्यावर ठोकळा मात्र कधीच नाही, आणि पुढच्या अॅक्सलवर तर अजिबात नाही.

मातीवाट

ठरलं. "कायम ३०० किलो" पायरीचा पूर्ण संच मागवला. पाच पाटे, प्रत्येकी ८ मिमी, दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती वळवलेलं. बरोबर नवे यू-बोल्ट, बुश (डोळ्यात बसणारे रबर), सेंटर बोल्ट (पाटे मधोमध जोडणारा) आणि त्याच पायरीचे शॉक अॅब्सॉर्बर. काका, बसवताना काय सांभाळू?

घणकाम

डोळ्याभोवतीचं वळण आहे हे छान. मेन पाटा डोळ्यापाशी तुटला तरी दुसरा पाटा अॅक्सलला धरून ठेवतो.

जुने यू-बोल्ट परत वापरू नका, दिसायला कितीही चांगले असोत. ते एकदा ताणले गेलेले असतात. नव्यांची आटी साफ ठेवा, चौघांना तिरप्या क्रमाने थोडं थोडं आवळा, आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्यानेच, संचाबरोबर आलेल्या कागदावरच्या आकड्याला. सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलं का ते बोट घालून बघा. लोकांना वाटतं सेंटर बोल्ट वजन धरतो. तो फक्त जागा धरतो. पाटे आणि अॅक्सल एकमेकांवर घट्ट ठेवण्याचं काम यू-बोल्टचं. ते सैल पडले की अॅक्सल पुढेमागे सरकतो आणि सेंटर बोल्ट कातरला जातो.

आणि सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट: डोळ्यातले आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. नुसते हाताने धरवा. गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा हौदा दाबा, मग आवळा. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. पॉलियुरेथेनचे असतील तर वेगळं, ते फिरतात, त्यांना ग्रीस लागतं.

मातीवाट

काम झालं. दोघे जण होतो, सकाळी आठला सुरू केलं ते दिवेलागणीला संपलं. निम्मा वेळ जुने बोल्ट काढण्यात गेला. डावीकडचा पुढचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाला होता. शेवटी दोन्ही बाजूंनी कापून काढावा लागला.

जुना संच खाली काढून सेंटर बोल्ट सोडला. पाटे एकमेकांपासून सुटले तेव्हा मधून तांबडी भुकटी पडली, मूठभर तरी. दुसऱ्या पाट्याच्या पोटावर तिसऱ्याच्या टोकाने खोबण पाडली होती. बोटाने चाचपली तर नख अडकत होतं. उजव्या बाजूचा सेंटर बोल्ट मधोमध वाकलेला निघाला. काका, तुम्ही म्हणालात ते शब्दशः डोळ्यांनी पाहिलं. उजवीकडचे यू-बोल्ट कधीतरी सैल पडलेले असणार.

नव्या संचात पाट्यांच्या टोकांखाली प्लॅस्टिकच्या चकत्या आहेत. पहिल्याच दिवशी फरक जाणवला. जुन्या पाट्यांत लहान खड्ड्याला पाटा हलायचाच नाही, घर्षणात अडकून राहायचा आणि सगळा गचका वर यायचा. हे नवे पाटे जास्त कडक असूनही बारीक खड्ड्यांवर मऊ लागतात.

उंची: डावीकडे ५४५, उजवीकडे ५३८. टाकी पुढे नेली आहे.

पण दोन तक्रारी आहेत. एक, पहिल्या गिअरमध्ये माल भरून निघताना खालून घरघर येते, वेग घेतल्यावर जाते. दुसरी जास्त काळजीची: काल पावसात ब्रेक दाबला तर गाडीचं नाक खाली गेलं, पुढे एबीएस लगेच थडथडू लागलं, आणि मागून कुणी धरतच नाहीये असं वाटलं. आधी असं नव्हतं.

चाकोरी

दादा, दुसऱ्या तक्रारीचं आधी बघा, आणि ते होईपर्यंत माल भरू नका.

गाडीखाली जा. मागच्या अॅक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हकडे बारीक दांडा किंवा स्प्रिंग जाते का? तो ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. गाडीत वजन किती आहे हे तो चॅसी आणि अॅक्सलमधल्या अंतरावरून ठरवतो. अंतर कमी म्हणजे माल भरलाय, मागच्या ब्रेकला पूर्ण दाब द्या. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, मागचा दाब कापा, नाहीतर मागची चाकं अडकून गाडी फिरेल. तुम्ही चॅसी जवळपास ८ सेंटीमीटर वर उचललीत. आता पोटात २८० किलो असूनही व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आहे.

दांड्याचा ब्रॅकेट उचलीइतका सरकवायचा असतो. काही गाड्यांत त्यासाठी लांब भोक असतं, काहींना जोडपट्टी मिळते. बसवल्यावर गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या मापाप्रमाणे सेट करून घ्या, शक्यतो मागचा दाब मोजून. अंदाजाने दांडा वाकवू नका. जास्त झालं तर रिकाम्या गाडीत मागची चाकं अडकतील, आणि ते याहून धोक्याचं. ज्या नव्या गाड्यांत ब्रेकचं वाटप इलेक्ट्रॉनिक आहे त्यांत हा दांडा नसतो.

तिथे आहातच तर ब्रेकचा रबरी पाइप, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल बघा. चाक पूर्ण लटकवल्यावर यातलं काहीही ताणलं जाता कामा नये.

घणकाम

घरघरीचं मी सांगतो. तुमचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांत असेल, मध्ये सेंटर बेअरिंग. मागची बाजू वर गेल्याने मधल्या क्रॉसचा (शाफ्टच्या सांध्याचा) कोन वाढला. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली पातळ स्पेसर घालून ते खाली घ्या, आधी १० मिमी घालून बघा. त्याने नाही गेलं तर अॅक्सलचा कोन मोजून पाट्याखाली पाचर घालावी लागेल. पाचर घातलीच तर पोलादाची घ्या, अॅल्युमिनियमची यू-बोल्टच्या दाबाखाली चुरते.

दूरची_वाट

आणि हेडलाइट परत सेट करा. मागून उचलल्यावर उजेड पायाशी पडतो. स्टिअरिंग हलकं किंवा भिरभिरतं वाटलं तर अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) बघायला सांगा. मागची बाजू ५० मिमी वर गेली की तुमच्या व्हीलबेसला कॅस्टर जवळपास एक अंशाने कमी होतो.

मातीवाट

व्हॉल्व्ह सापडला. दांडा अक्षरशः खाली टोकापर्यंत ओढला गेला होता. जोडपट्टी लावून, दाबाचं मीटर जोडून पुस्तकातल्या आकड्यावर आणला. ब्रेक आता चारही चाकांवर समान बसतो, नाक खाली जात नाही. हा धागा नसता तर मी पाट्यांना दोष देत बसलो असतो.

सेंटर बेअरिंग १० मिमी खाली घेतलं. घरघर गेली.

ओलीमाती

दादा, आता या गाडीत किती वजन भरता येईल? कडक पाटे आहेत तर ७००-८०० किलो चालेल?

चाकोरी

पाटे बदलल्याने गाडीची मंजूर क्षमता बदलत नाही. कारखान्याने लिहिलेलं एकूण वजन आणि प्रत्येक अॅक्सलचं वजन तेच राहतं, कारण चाकांची बेअरिंग, अॅक्सलची नळी, ब्रेक, टायर आणि चॅसी तीच आहेत. आणि कॅनॉपी, कपाट, टाकी हे सगळं त्या क्षमतेतूनच वजा होतं. मातीवाट दादांचे २८० किलो गाडी निघायच्या आधीच खर्च झालेत, माणसंही त्यातच धरायची. नव्या पाट्यांत एक धोका नक्की आहे: आधी गाडी बसली की वजन जास्त झाल्याचं दिसायचं, आता ती ताठ उभी राहील. म्हणून काटाच खरा.

मातीवाट

महिन्यानंतरची नोंद, कुणाला उपयोगी पडेल म्हणून.

१००० किलोमीटर झाले. यू-बोल्ट २०० ला आणि १००० ला परत आवळले. पहिल्या वेळी आठही नट जवळजवळ पाव फेरा फिरले, दुसऱ्या वेळी एकही हलला नाही. पाटे थोडे बसले: डावीकडे ५३३, उजवीकडे ५२७. ३०० किलो माल भरल्यावर डावीकडे ५०३, म्हणजे बरोबर ३० मिमी खाली. चाकोरी भाऊंच्या गणिताप्रमाणे ८ मिमीच्या पाच पाट्यांचा कडकपणा जेवढा येतो, तेवढाच. स्टॉपरपर्यंत अजून ७५ मिमी जागा राहते.

५० मिमी उचल म्हणत होतो. नव्या रिकाम्या गाडीपेक्षा डावी बाजू २३ मिमीच वर आहे, पण महिन्यापूर्वीच्यापेक्षा ६५. ओढे दोन्ही पार केले, मागचं बंपर कुठे टेकलं नाही. उजवीकडचे ६ मिमी अजून छळताहेत. कपाटातलं जड सामान, म्हणजे जॅक, साखळी आणि पाइप पाने, डाव्या बाजूच्या पेटीत हलवतो आहे. रविवारी परत मोजून इथे लिहितो.

घणकाम

मोजताना टाकी भरलेली ठेवा, आणि डिझेलची टाकी कोणत्या बाजूला आहे तेही लिहा.